मन्मथ, इको किती ठेवायचा?

मन्मथ,

तुझ्या शोकसभेत मी भांडले. तू असतास तर पोट धरून हसला असतास, म्हणून आधी तेच सांगते.

तुझ्या गावात, महादेवाच्या देवळापुढं मंडप घातला होता. सरपंच, तुझ्या शाळेतले सोबती, भावकीतली माणसं, एकेक जण बोलायला उभा राहत होता. आणि माईकवाल्यानं इको एवढा सोडला होता की कुणी 'मन्मथराव' म्हटलं की 'राव, राव, राव' असं घुमायचं आणि पुढचं सगळं वाक्य त्यात बुडून जायचं. तू चांगला होतास की वाईट, काही कळायला मार्ग नव्हता. मी बराच वेळ सोसलं. मग उठले, काठी टेकत त्या माणसापाशी गेले आणि म्हटलं, "बाबा, हा इको बंद कर आधी."

तो म्हणाला, "आजी, इको असला की भाषण भारी वाटतं."

"भारी वाटून काय करायचं? समजलं पाहिजे. ज्याच्यासाठी हे बोलून राहिले, त्यानं उभा जन्म इको जागेवर ठेवण्यात घातला."

त्यानं बटण फिरवलं. पुढचा माणूस बोलला त्याचा शब्दन् शब्द ऐकू आला. फार काही बोलला नाही तो, पण ऐकू आला. खाली बसले तेव्हा कुठं मला रडू आलं. तुझ्याशी भांडायची सवय एवढी अंगात मुरलेली, की तू नाहीस तर मी तुझ्या वतीनं भांडून आले.

तू आमच्या घरी पहिल्यांदा आलास ते मला लख्ख आठवतं. नांदेडला आमच्या वस्तीत साहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाण्याची पार्टी काढली होती. ते ढोलकी वाजवायचे आणि गाणी लिहायचे, मी गायचे. दिवसा मी सरकारी दवाखान्यात नर्स. जयंतीच्या दिवसांत आमची स्वतःची गाणी, बाकी वर्षभर लग्नाकार्यात सिनेमाची. पार्टीला गिटारवाला पाहिजे होता, आणि कुणीतरी तुला पाठवलं. उदगीरकडचा लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा, नांदेडला कॉलेजात शिकायला आलेला. गळ्यात लिंग आणि खांद्याला गिटार.

मी दारातच विचारलं, "कुणाच्या घरी आलास, माहीत आहे ना?"

"हाव."

"आणि तुझ्या घरी?"

"गाण्याला जातो म्हणून माहीत हाय. कुणाकडं, ते कुणी इचारलं न्हाई. इचारलं तर सांगन."

त्या दिवशी रविवार होता. आत चुलीवर सुकट होती. मी म्हटलं, तुला वास सोसायचा नाही, बाहेर बस. तू म्हणालास, "वास चालतो अक्का, तुकडा न्हाई." आणि चुलीपुढं मांडी घालून वरणभाकरी जेवलास. अक्का हा तुमच्याकडचा शब्द. त्या दिवसापासून सगळी पार्टी मला अक्का म्हणायला लागली, पुढं दवाखान्यातले शिपाईसुद्धा.

मग तू तो डबा आणलास. हैदराबादहून, कुणाचा तरी जुना. आत टेपची पट्टी गोल गोल फिरायची. तारेवर एक सूर छेडला की डबा तोच सूर थोड्या वेळानं परत द्यायचा, मग पुन्हा, आधीपेक्षा हळू. वर तीन बटणं. सूर किती उशिरा परत यायचा, किती वेळा यायचा आणि किती मोठा यायचा. आम्ही सगळे त्याला नुसतं 'इको' म्हणायचो. पार्टीतल्या सगळ्यांचं ठरलं की हा माझ्या आवाजाला लावायचा, कारण दुसऱ्या पार्ट्यांच्या गायिका तशाच गात होत्या आणि लोक खूश होत होते. मी एक ओळ म्हणून पाहिली. ती पाठीमागून परत आली तेव्हा मला वाटलं कुणी माझी नक्कल करून राहिलंय. मी माईक खाली ठेवला. "माझ्या शब्दावर दुसरा शब्द चढलेला मला चालणार नाही. आपले लोक शब्द ऐकायला येतात."

बाकीचे कुरकुरले. तू माईकची वायर काढलीस, तिथं गिटारीची लावलीस आणि म्हणालास, "मग हिला राहू द्या."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तू गेलास तरी मिटलं नाही. माझं म्हणणं, माझी ओळ संपली की तुझी गिटार येते, आणि गिटार थांबली तरी तिचा इको माझ्या पुढच्या ओळीच्या अंगावर येतो. तुझं म्हणणं, तो अंगावर येत नाही, हात धरून नेतो. तू साहेबांना नुसता ठेका धरायला लावायचास आणि उशिराचं बटण केसाकेसानं फिरवत बसायचास, परत येणारा सूर दोन थापांच्या बरोबर मधे पडेपर्यंत. मी म्हणायचे, काय रे हे दळण. तू म्हणायचास, "ठेक्यात पडला ना अक्का, तर इको हाय ते माणसाला कळतच न्हाई. नुसतं बरं वाटतं. ठेका चुकला की तोच इको डोकं उठवतो."

कार्यक्रमाच्या गावी तू सगळ्यांच्या आधी पोचायचास. साहेबांना स्टेजवर एक तार छेडत उभं करायचास आणि स्वतः चालत चालत जायचास, जिथं शेवटचा माणूस बसणार तिथं. स्टेजवर गोड लागतं ते मागं चिखल होऊन पोचतं, असं तुझं म्हणणं. पत्र्याच्या हॉलमध्ये तू डबा सरळ बंद करायचास. "इथं पत्राच इको देऊन राहिला, त्यात माझी कशाला भर?" आणि मैदान माणसांनी भरलं की पुन्हा थोडं वाढवायचास, कारण माणसं आवाज पितात. पहिलं गाणं संपेपर्यंत तुझा जीव त्या तिसऱ्या बटणात असायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "अरे, पण किती ठेवायचा असतो हा?" तू म्हणालास, "सावलीएवढा. दुपारची सावली अक्का, पायाशी असती. हाय का न्हाई ते बघावं लागतं. ती माणसापेक्षा लांब झाली की समजायचं, दिवस बुडाला."

तरी मला तो जास्तच वाटायचा. गाता गाता मी करंगळी वर करायचे, म्हणजे तू कमी करायचास. वर्षानुवर्षं हे चाललं. फार पुढं एकदा तूच हसत सांगितलंस की निम्म्या वेळा तू नुसता हात नेऊन बटण फिरवल्यासारखं करायचास. "आणि तुमचं समाधान व्हायचं की!" मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. आता सांगते, मलाही पोटातून हसूच येत होतं.

उमरीजवळच्या त्या गावाचं तुला कधी नीट सांगितलं नाही. आदल्या वर्षी आपण तिथं गायलो तेव्हा मैदानाच्या तिन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, माणसाच्या डोक्याच्या वर. दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. सगळं रान उघडं, काळं, भेगाळलेलं. तू बटणं आदल्या वर्षीच्या खुणेवर ठेवलीस, साहेबांना तार छेडायला लावलीस आणि चालत मागं गेलास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा उतरला होता.

"अक्का, आवाज थांबतच न्हाई. लई लांब चालून राहिला. मागच्या साली ज्वारी पीत होती त्याला. आता अडवायला काहीच न्हाई."

दुष्काळ मी रोज दवाखान्यात बघत होते. जुलाबाची लेकरं, खडी फोडून हात सोललेल्या बाया. पण तू शेतकऱ्याचा मुलगा. त्या रानात तुला जे ऐकू आलं ते मला दिसत नव्हतं. तू तिसरं बटण निम्म्याच्याही खाली आणलंस. दिवस मावळायच्या आधीच आपण सुरू केलं, कारण टँकर आला की बाया उठून जाणार होत्या. त्या रोजगार हमीवरून तशाच आल्या होत्या, केसांत धूळ, मांडीवर घागरी. साहेबांनी नुकतंच लिहिलेलं गाणं मी तिथं पहिल्यांदा म्हटलं.

ज्या तळ्याला कुलूप होतं, त्याची किल्ली ओंजळ झाली,
जन्माची ती वाकली माय, पाणी पिऊन सरळ झाली.

चाल तुझी होती. पहिल्या ओळीनंतर तू एवढंसं उत्तर द्यायचास, गिटारीवर, आणि ते उत्तर एकदाच परत यायचं, अगदी जवळून, कुणी हळूच 'हाव' म्हटल्यासारखं. बायांनी ते गाणं मला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्याच म्हणत होत्या, मी नुसती तोंड हलवत होते. गाडीत सामान चढवताना तू विचारलंस, "आज बोट वर न्हाई केलं?"

मी म्हटलं, "विसरले."

विसरले नव्हते मन्मथ. त्या दिवशी तो जेवढा पाहिजे तेवढाच होता. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू चढून बसला असतास.

मग लातूर. लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि ज्याला त्याला त्या रंगाचा अभिमान होता. नव्या जिल्ह्याच्या आनंदाचा एक कार्यक्रम ठरला आणि त्याच्या मंडळात तुझा मामा होता. अडत दुकानवाला, वजनदार माणूस. तुझे वडील तू लहान असताना गेले. मामानंच तुला शिकवलं, तुझ्या आईला सांभाळलं. माझ्या भाच्याची पार्टी आणतो, असं तो गावभर सांगत फिरला होता. आपल्याला एका शाळेच्या वर्गात उतरवलं होतं. दुपारी तो तिथं आला, सगळ्यांना चहा पाजला, माझ्याशीही चांगला बोलला. आणि जाता जाता साहेबांना म्हणाला, "सिनेमाची म्हणा, भावगीतं म्हणा. तेवढं तळ्याचं नको. सगळ्या तऱ्हेची माणसं येणार. नवा जिल्हा हाय, उगा तेढ कशाला?"

साहेब म्हणाले, "बरं."

तो गेल्यावर मी साहेबांना सोडलं आणि तुला धरलं. "तुझा मामा. तुझी चाल. तुझ्या तोंडाला काय शिवण घातलीय?"

तू गिटारीच्या तारा पुसत होतास. वर न बघता म्हणालास, "मामा हाय अक्का तो."

तुला आई होती, आणि ती त्याच्या जिवावर होती. मला कळत होतं. कळत होतं तरी माझ्या अंगाची लाही होत होती.

संध्याकाळी पुढं खुर्च्या, मधे दोरी, दोरीमागं जमिनीवर वस्त्यांमधून आलेली माणसं. मी सिनेमाची गाणी म्हटली. छान म्हटली, टाळ्या पडल्या. शेवटचं एक राहिलं होतं. मी पाणी प्यायला मागं वळले आणि पाठीमागं गिटार सुरू झाली.

तळ्याचं.

तू पहिली ओळ वाजवलीस आणि हात तारांवरून काढून घेतलास. ओळीचा शेवटचा सूर परत आला, आणि तो हळू नव्हता. गिटारीएवढाच मोठा होता. आयुष्यात पहिल्यांदा तू तिसरं बटण पूर्ण वर नेलं होतंस. मग शांत, एका ओळीएवढी जागा. तू पुन्हा तीच ओळ वाजवलीस, पुन्हा तो मोठा सूर, पुन्हा जागा. आणि त्या जागेत दोरीमागून एका बाईनं दुसरी ओळ उचलली. 'पाणी पिऊन सरळ झाली' म्हणताना तिच्यासोबत किती होत्या ते मला दिसलं नाही, पण मंडपाचं कापड हललं एवढं खरं.

तुझा मामा स्टेजच्या कडेला आला. "मन्मथ, बंद कर."

तू म्हणालास, "मामा, कुणी गाऊन न्हाई राहिलं इथं. नुसती गिटार हाय."

खोटं नव्हतंच ते. स्टेजवर कुणी गात नव्हतं. मी माईकपासून हातभर लांब उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. मी साहेबांकडं पाहिलं. दुपारी 'बरं' म्हणणाऱ्या त्या माणसानं ढोलकी मांडीवर ओढून घेतली होती. मी तांब्या खाली ठेवला आणि माईकपाशी गेले. आणि मी तोंड उघडायच्या आधी तुझा हात डब्याकडं गेला. या वेळी खोटा नाही. तू इको पार शून्यावर आणलास. मग तुझ्या गिटारीचीही तार वाजली नाही. सगळं गाणं मी ढोलकीवर म्हटलं, माझ्या शब्दांच्या अंगावर कुणी नाही, मागं कुणी नाही. तसा माझा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

दंगा झाला नाही. खुर्च्यांमधले काही उठून गेले, काहींनी टाळ्या दिल्या, काही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तुझा मामा आम्हाला एक शब्द बोलला नाही. तुला बाजूला घेऊन म्हणाला, "आता भाचा म्हणून येऊ नको. पाव्हणा म्हणून पण येऊ नको."

तू गेला नाहीस. आईची भाकर त्यानं तोडली नाही, तेवढा मोठेपणा त्याच्यात होता. पण सणाला तू लातूरच्या फाट्यावरून पुढं सरळ गावी जायचास. मामाकडं राहणारी तुझी आई एसटीनं नांदेडला यायची, आमच्या घरी तुला डोळे भरून बघायची, आणि माझ्याकडं बघायची तेव्हा तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला कधी वाचता आलं नाही. मामा गेला तेव्हा तू मातीला गेलास आणि लांब उभा राहून परत आलास.

ही गोष्ट मी सगळीकडं सांगायचे. जयंतीला, लग्नात, सासुरवाशिणींना, डॉक्टरांना. आणि तू समोर असलास की हमखास चिडायचास. "अक्का, उगा मला मोठं करून नका राहू. चाल चांगली होती. चांगली चाल हातात असताना झाकून ठेवायची का?"

"म्हणजे शब्दांचं काहीच नाही?"

"मी गिटारवाला हाय. मला शब्दाचं काय कळतंय?"

ते मला लागायचं. मामाचं घर सोडलंस, तेही नुसत्या चालीसाठी? एवढ्या वर्षांत तू त्या गाण्याचा एक शब्द तोंडातून काढला नाहीस. सगळी पार्टी कोरस म्हणायची, तू ओठ मिटून बसायचास. साहेब गेले तेव्हाही आम्ही तेच म्हटलं, आणि तू नुसता वाजवत होतास.

मागच्या उन्हाळ्यात तू नांदेडला आलास. तुझे हात थरथरत होते. चहाची बशी धरताना तू माझी नजर चुकवलीस, मीही बघितलं नाही असं केलं. निघायच्या आधी मी म्हटलं, "आता तरी सांग. का वाजवलंस लातूरला?"

"चाल होती, अक्का," म्हणालास आणि हसलास. मी रागानं आत गेले. बाहेर आले तेव्हा तू खुर्चीत झोपला होतास. उठवलं नाही. आत जाऊन पडले, आणि तू कधी निघून गेलास ते कळलं नाही. तेच आपलं शेवटचं बोलणं झालं.

शोकसभा संपल्यावर तुझ्या बायकोनं, महादेवीनं, मला घरात नेलं. लग्नानंतर ती नांदेडला कितीदा तरी आली, पण तुझ्या गावच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं, स्वतःच्या शेजारी. मला वाढलं, माझं जेवण होऊ दिलं. मग म्हणाली, "अक्का, तळ्याचं म्हणता?"

माझा आवाज आता काही राहिला नाही. तरी म्हटलं, हळूच. पहिली ओळ झाली आणि मला दम लागला. दुसरी ओळ तिनं म्हटली. पुढचं कडवं तिनं म्हटलं. आणि मग शेवटचं कडवंही म्हटलं, जे साहेबांनी गाणं लांबतं म्हणून पहिल्याच वर्षी काढून टाकलं होतं, जे कुठल्याही स्टेजवर आम्ही कधी गायलो नाही, जे फक्त तालमीत बसणाऱ्यांना माहीत होतं.

मी विचारलं, "तुला कुणी शिकवलं हे?"

"यांनीच की. पोरगी लहान होती तवा रोज तिला हेच म्हणून झोपवायचे. दुसरं गाणं येतच न्हाई म्हणायचे."

मला चालीचं सांगत होतास, मन्मथ? वाजवणाऱ्याला चाल पुरते. साहेबांनी टाकून दिलेलं कडवंसुद्धा तू जपलंस, अक्षर न चुकता, आणि तुझ्या लेकीला दिलंस. मी महादेवीला म्हटलं, पुन्हा म्हण. तिनं म्हटलं, आणि मी मधे कुठंच बोट वर केलं नाही.